वरपक्षाची सीट

विमानाची तिकिटं मी भर दुपारी, लेकीला मांडीवर थोपटत, एका अंगठ्याने काढली. मधे एक पान आलं होतं. विमानाचं चित्र, त्यात बारीक बारीक चौकोन आणि वर लिहिलेलं, ‘आपली जागा निवडा’. मी ते ‘पुढे’ दाबून ओलांडलं. चार वर्षांच्या पोराला आईपासून लांब कोण बसवेल, असा माझा सरळ विचार. हे काम यंत्र करतं आणि यंत्राला पोरंबाळं नसतात, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्या घरात मी हुशार समजली जाते. साताऱ्यात वाढलेली, शिकलेली. पलूसजवळच्या आमच्या गावात कुणाला ऑनलाइन सातबारा काढायचा असला, पोराचा फॉर्म भरायचा असला, की माणसं माझ्या दारात येतात. त्यामुळे पुण्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझ्या हातात तीन कागद ठेवले आणि त्यांवर आठ बी, चौदा ई आणि एकवीस बी असं वाचलं, तेव्हा मी सगळ्यात आधी ते कागद आत्यांच्या नजरेआड केले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. वय पासष्टच्या पुढे, आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सहज पोचणारा, आणि विमानात पहिल्यांदाच बसणाऱ्या. त्यांना आठवी रांग मिळाली होती. मला आणि मांडीवरच्या सव्वा वर्षाच्या लेकीला चौदावी. आणि आमच्या चार वर्षांच्या चिरंजिवांना एकविसावी, तीही मधली सीट, दोन अनोळखी माणसांच्या मधे.

“मॅडम, फ्लाइट फुल आहे. आत गेल्यावर स्टाफला सांगा, ते करतील काहीतरी,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

मुलगा खाली उभा राहून माझ्याकडे बघत होता. माझ्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं. त्या टोकाची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर एका सीटसाठी एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

माझा नवरा फौजेत आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याची सुट्टी संपली. पोरगं बापाच्या अंगाखांद्यावरून उतरायला तयार नव्हतं. निघताना रडारड नको म्हणून आमच्या घरात एक जुनी युक्ती आहे. सासरेही फौजेत होते, आणि ते निघाले की आत्या माझ्या नवऱ्याला, तेव्हा तो एवढासा होता, घरामागच्या परड्यात कोंबडीची पिल्लं दाखवायला न्यायच्या. परत येईपर्यंत बाप पसार. तीच युक्ती आम्ही केली. नवरा म्हणाला, “दुकानातनं बिस्किट घेऊन येतो,” आणि मी पोराला परड्यात नेलं. पिल्लंही होती. तेवढ्यात बॅग जीपमध्ये गेली आणि जीप गावाबाहेर गेली.

पोरगं पायरीवर बसून बिस्किटाची वाट बघत राहिलं. जेवायला हाक मारली तरी उठेना. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्या ओढणीचं टोक धरलं, ते आजतागायत. मी भाकरी थापायला बसले की टोक त्याच्या हातात. शेजारी विरजण आणायला निघाले की टोक त्याच्या हातात. आंघोळीला गेले तर ओढणी दाराच्या फटीतून बाहेर द्यावी लागे. तो बाहेरून ओढायचा, मी आतून ओढून उत्तर द्यायची. एकदा साबण डोळ्यात गेला म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला, तर त्याने दाराला लाथा घालून कडीच वाकवली.

आता नवऱ्याला क्वार्टर मिळालं होतं. पुणे ते चंदीगड विमान, तिथून पुढे गाडी. पोराने मला आठवडाभर एकच विचारलं होतं, “विमानात तू माझ्या शेजारीच ना?” आणि मी स्वतःच्या गळ्याला चिमटा काढून, खरोखरची शपथ घेऊन सांगितलं होतं, “शेजारीच.” बाप असा खोटा ठरलेला, आता मी खोटी ठरले असते तर त्याने मोठ्या माणसांवर विश्वास ठेवायचं कारणच उरलं नसतं. हे सगळं त्या एकवीस बी लिहिलेल्या कागदात होतं.

मग घोषणा झाली, लहान मुलांसोबतच्या प्रवाशांनी आधी यावं. मी बॅगा उचलल्या. आत्या जागच्या हलेनात.

“आदी जाऊन काय करायचं? डायव्हर तरी आलाय का?”

“आत्या, चला. आपल्याला आधी सोडतायत, तो मान आहे.”

मान म्हटल्यावर त्या उठल्या. विमानाच्या दाराशी त्यांनी चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला, नवीन ट्रॅक्टर आला तेव्हा लावला होता तसाच. दारातल्या हवाई सुंदरीने हात जोडले. मी तिला लगेच कागद दाखवले. ती गोड हसली आणि हिंदीत म्हणाली, सगळे बसू देत, मग बघते. तोवर आपापल्या जागी बसा.

आपापल्या जागी! मी आत्यांना आठव्या रांगेत बसवलं आणि लेकीला कडेवर, मुलाला ओढणीला घेऊन चौदाव्या रांगेपाशी जाऊन उभी राहिले. विमान भरायला लागलं. माझ्या शेजारची, चौदा ई-च्या एका बाजूची खिडकी एका तरुणाने घेतली. त्याने कानात बोळे घातले, डोळे मिटले आणि जगाशी संबंध तोडला. दुसऱ्या बाजूला, वाटेकडेच्या चौदा डी-वर, एक गृहस्थ येऊन बसले. चौकडीचा शर्ट, भरघोस मिशा, मनगटावर लाल धागा. चेहऱ्यावरून आपल्याच भागातले. मला हायसं वाटलं. एक वाक्य बोलायचं होतं. ‘दादा, लहान मुलगा आहे, तुम्ही एकवीसवर बसाल का?’ त्यांनी नक्की ‘हो’ म्हटलं असतं. मी तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात आठव्या रांगेतून आत्या निघून आल्या, आत येणाऱ्या माणसांच्या लोंढ्यातून कोपराने वाट काढत. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी सगळं ओळखलं होतं. माझ्या हातातले कागदही त्यांनी मघाशीच पाहिले होते म्हणे. मला खुणेनेच ‘तू गप’ असं सांगून त्यांनी त्या गृहस्थांकडे मोर्चा वळवला.

“पाव्हणं, गाव कंचं म्हणायचं?”

“लोणंदकडलं,” गृहस्थ म्हणाले. “चंदीगडला उतरून फुडं हरियाणात जायचंय. म्हशी बघाय.”

“म्हशी व्हय! लय दूध देत्यात म्हणं तिकडच्या.”

मला घाम फुटला. आत्यांची पद्धत मला माहीत आहे. त्या कुणाकडे काही थेट मागत नाहीत. आधी गाव, मग भावकी, मग आजोळ, अशा तीन पायऱ्यांत त्या समोरच्याला नात्यात आणतात, आणि नात्यातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. या पद्धतीने त्यांनी सांगलीच्या दवाखान्यात रांगेतला नंबर मिळवलाय आणि साताऱ्याच्या स्टँडवर रिक्षावाल्याकडून फुकट पाणी आणि पाव किलो पेरू. माझ्या मागे माणसं तुंबली होती, लेक माझं कानातलं उपटत होती, आणि इथे आजोळ निघालं होतं.

“म्हंजी गेल्या फाल्गुनात लगीन झालं, त्ये तुमच्यातलंच?”

“व्हय, माझ्या पुतण्याचं.”

“आन् नवरी पलूसकडची?”

“व्हय की.”

“आवं, ती आमच्या चुलत दिराची नात!”

मी मनात म्हटलं, जिंकलो. गृहस्थही हसले, पट्टा सोडून अर्धे उठले आणि माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “मग काय, ह्या बारक्याला आईपाशी बसवायचंय न्हवं? मी जातो की मागं.”

आणि तिथे घोटाळा झाला. आत्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दोन्ही हात पसरले आणि त्यांना परत खाली बसवलं.

“न्हाई न्हाई न्हाई! बसा तुमी!”

“आत्या, अहो, ते उठतायत...”

“तुला कळतं का काय?” त्या माझ्यावर वळल्या. “मुलाकडचं हायती त्ये. आपली पोरगी त्येंच्या घरात नांदती. त्येंला उठवून मागं संडासापाशी बसवायचं? पोरीला जलमभर ऐकून घ्यावं लागंल.”

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हात मोकळा नव्हता. नातं सापडलं होतं, पण ते चुकीच्या बाजूचं सापडलं होतं. तो माणूस वरपक्षाचा लांबचा कुणी निघाला असता तरी चाललं असतं, असं मी म्हणत नाही, पण हा तर खुद्द वराचा चुलता. आमच्याकडे वरपक्षाला उठवत नाहीत. वरपक्षाला बसवतात, वाढतात आणि वाटेला लावताना आहेर करतात.

आहेर हा शब्द मनात येतो न येतो तोच आत्या आठव्या रांगेकडे जाऊन आपली पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या पिशवीत पांढरी टोपी आणि नवा टॉवेल असतोच. कुठं काय प्रसंग येईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा जोड खरं तर माझ्या नवऱ्याच्या साहेबांसाठी होता. नारळ तेवढा तपासणीत राहिला होता, नाहीतर तोही निघाला असता.

“आत्या, इथे नको,” मी दातओठ खात म्हटलं.

“मग कुठं? वर गेल्याव?”

आणि चौदाव्या रांगेत, भर वाटेत, दीडशे माणसांच्या देखत, लोणंदच्या पाहुण्यांना टोपी-टॉवेल झाला. पाहुणे संकोचले, पण रीत त्यांनाही ठाऊक. त्यांनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि वाकून आत्यांच्या पाया पडायला गेले. मागच्या एका बाईंची बॅग त्यांच्या पाठीवर आली. हवाई सुंदरी धावत आली. “सर, प्लीज बैठ जाइए. मॅम, आप भी.” मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काय चाललंय ते त्याला कळलं नसावं, पण मंगल कार्य आहे एवढं कळलं असावं.

मी मात्र खाली बघितलं. पोरगं हसत नव्हतं. मोठी माणसं डोक्यावरून बोलत होती, हसत होती, आणि एवढी गोड बोलली की पुढे काय होतं हे त्याला अनुभवाने माहीत होतं. ओढणीचं टोक त्याने दोन वेढे घालून मुठीत घट्ट आवळलं होतं. मला इतकी लाज वाटली, की टोपी-टॉवेलाची लाज कुठल्या कुठे गेली.

पाहुण्यांनीही ती मूठ बघितली असावी. ते उभे राहिले आणि लग्नाच्या बैठकीत शेवटचा शब्द सांगावा तशा आवाजात बोलले.

“मावशी, वरपक्षाचा मान ठेवायचाय न्हवं?”

“म्हंजी काय! ठेवायलाच पायजे.”

“मग वरपक्षाचं ऐकायचं. पोरगं आईपाशी बसंल. हे आमचं सांगणं हाय.”

 आत्यांना त्यांच्याच रीतीत कुणी असं गाठलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मला त्या माणसाच्या मिशांची दृष्ट काढावीशी वाटली. पण हार मानतील त्या आत्या कसल्या. क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, “बरं. पर मग तुमी माझ्या जाग्याव बसायचं. फुडं, आठव्या लाइनीत. मागं मी जाती.”

असं ठरलं. वरपक्ष टोपी घालून पुढे गेला. मुलगा माझ्या शेजारी चौदा डी-वर बसला. आणि ज्यांना ढग बघायचे होते, ज्यांना विमान उडताना कुणाचा तरी हात धरायचा होता पण तसं सांगायचं नव्हतं, त्या आत्या एकट्या एकविसाव्या रांगेत मधल्या सीटवर गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी ‘पुढे’ दाबून ओलांडलेल्या त्या पानाचं माप त्यांच्या पदरात पडलं.

विमान सरकायला लागलं तसा मुलगा मान वळवून मागे बघू लागला. उंच पाठींच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं.

“आज्जी कुठाय?”

“मागे बसलीय.”

“दिसत न्हाई.”

“दिसत नाही, पण आहे.”

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग त्याने स्वतःच सोय केली. पट्ट्यात जखडलेला असतानाच बेंबीच्या देठापासून हाक मारली, “आज्जीऽऽ!”

आणि सात रांगांच्या मागून, इंजिनाच्या आवाजावरून, बांधावरचा तो आवाज आला, “हितंच हाय रंऽऽ!”

मुलाने मान डोलावली आणि समोर बघितलं. विमान उडालं. दर दहा मिनिटांनी त्याची हाक आणि तिकडून “हितंच हाय!” सुरुवातीला लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. नंतर सतराव्या रांगेतले एक सरदारजी मधल्या मधे निरोप पोचवायला लागले, “है, है, बैठी है.” मुलाला गंमत वाटली. त्याने पुढच्या बाजूलाही करून बघितलं, “पाव्हणंऽऽ!” आठव्या रांगेतून एक पांढरी टोपी वर आली, “हितंच हाय गड्या!” खिडकीजवळच्या तरुणाने शेवटी कानातले बोळे काढून ठेवले आणि मला विचारलं, आपण सगळे एकाच लग्नाला चाललोय का.

साधारण निम्म्या वाटेत एका हाकेला उत्तर आलं नाही.

मुलाने परत हाक मारली. नाही. सरदारजींनी मागे वळून बघितलं आणि खांदे उडवले. मी म्हटलं, झोपल्या असतील. मुलाच्या मुठीत ओढणी ताणली गेली. मग तो अगदी हळू, रडायच्याही आधीच्या आवाजात म्हणाला, “गेली.”

विमानातून कोण कुठे जाणार, असं मी म्हणणार होते. पण दुकानात गेलेला बाप कुठे जाणार, असंच तेव्हा त्यालाही वाटलं असेल. ती पिल्लं दाखवणारी मीच होते. मी लेकीला छातीशी धरून उभी राहिले. तेवढ्यात मागच्या बाथरूमचं दार उघडून आत्या बाहेर आल्या.

पोराचा चेहरा बघून त्या वाटेतच थांबल्या. मग पुढे आल्या, आणि गुडघे दुखत असताना त्याच्यासमोर खाली बसल्या.

“चुकलं रं माजं,” त्या म्हणाल्या. “सांगून जायला पायजे हुतं.”

आत्यांनी कधी कुणापुढे चूक कबूल केलेली मी तोवर ऐकलेली नव्हती. मला वाटतं, त्या फक्त नातवाशी बोलत नव्हत्या. तीस वर्षांपूर्वीचं आणखी एक पोर परड्यात उभं होतं.

पुढच्या तासाभरात त्या आणखी एकदा गेल्या. पण त्या वेळी अख्ख्या विमानाला ऐकू गेलं, “बाथरूमला चाललीया रंऽऽ! लगीच येती!” आणि आल्यावर, “आलेऽऽ!” सरदारजींनी हात जोडले.

चंदीगडला बाहेर पडलो तर नवरा कठड्यापलीकडे उभा होता. युनिफॉर्म नव्हता, पण उभं राहणं तेच. आम्हाला बघून त्याने दोन्ही हात वर केले. मला वाटलं, पोरगं आता सुटेल बाणासारखं. ते जागेवर थांबलं. ओढणी घट्ट धरून त्याने हाक मारली, “पप्पाऽऽ!”

नवऱ्याने हसून हात हलवला. मुलाने परत हाक मारली, “पप्पाऽऽ!” नवरा नुसताच हात हलवतोय. त्याला बिचाऱ्याला नियम काय माहीत.

“आरं, नुसता हात काय हालवतोयस!” आत्या माझ्या मागून ओरडल्या. “त्येला ओ दे! हितंच हाय म्हण!”

नवऱ्याचा हात वरच राहिला. तो आईकडे बघत होता, मग पोराकडे, मग त्या मुठीकडे. चार लोक वळून बघत होते.  “हितंच हाय रं,” तो म्हणाला. “हितंच हाय.”

मुलगा चालत गेला. मला बरोबर ओढत, कारण ओढणी अजून त्याच्या हातात होती. बापासमोर उभं राहून त्याने वर बघितलं आणि विचारलं, “बिस्किट?”

नवऱ्याने खिसे चाचपले. नुसतेच चाचपले, कारण खिशात काही नाही हे त्याला ठाऊक होतं. आठ महिने तो सीमेवर उभा होता, आणि आठ महिने हा पायरीवर. समोरच एक दुकान होतं. “चल, आणू,” तो कसाबसा म्हणाला, आणि बोट पुढे केलं.

मुलाने बोटाकडे बघितलं. मग त्याने ओढणीचे वेढे सोडवले, एक, मग दुसरा. सोडलेलं टोक त्याने माझ्या हातात दिलं.

“मम्मी, मी बिस्किट आणायला चाललोय हं.”

आणि गेला. मागे वळूनही बघितलं नाही. माझ्या हातात ते चघळून चघळून कडक झालेलं टोक होतं आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. इतके महिने सुटावं म्हणून वाट बघितली, आणि सुटलं तर मीच त्याच्यामागे दोन पावलं टाकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

आत्यांनी माझा दंड धरला.

“जाऊ दे की,” त्या म्हणाल्या. “सांगून गेलाय न्हवं.”